हौशी मोटार शर्यतीसाठी टायर कसे निवडावेत: मुंबईतील नवोदितांसाठी मार्गदर्शन

मुंबई शहरात चारचाकींच्या शर्यतीसाठी कायमस्वरूपी सर्किट नाही. येथील हौशी स्पर्धकाला गाडी घेऊन दूर जावे लागते: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर, कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. हे तिन्ही ट्रॅक मुंबईपासून हजार किलोमीटरहून दूर आहेत. एवढा प्रवास, मुक्काम आणि प्रवेशशुल्क यांचा हिशेब मांडला की वर्षभरात ट्रॅकवर घालवता येणारे दिवस मोजकेच उरतात. टायरची निवड मात्र मुंबईतच, निघण्यापूर्वी काही आठवडे करून ठेवावी लागते आणि ती चुकली तर ट्रॅकवर पोचल्यानंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून इंजिन, एक्झॉस्ट किंवा सीट यांच्यावर खर्च करण्याआधी नवख्या स्पर्धकाने टायरचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. गाडी वेग घेते, वळते आणि थांबते ती जमिनीला टेकलेल्या चार छोट्या पट्ट्यांच्या बळावर, आणि त्यांतली प्रत्येक पट्टी आपल्या तळहाताहून फारशी मोठी नसते.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट करतो. पहिल्या हंगामात सर्वाधिक पकड देणारा टायर शोधू नये. ज्या टायरवर आपल्याला जास्तीत जास्त फेऱ्या मारता येतील आणि जो पकड सोडण्याआधी चालकाला पुरेशी सूचना देतो, तो टायर घ्यावा. पुढील सर्व पायऱ्या या एका निकषाभोवती मांडल्या आहेत.

पहिली पायरी: कोणत्या प्रकारच्या स्पर्धेत उतरायचे ते ठरवा आणि नियमावली वाचा

हौशी चालकापुढे साधारण चार प्रकार असतात. ट्रॅक डेमध्ये स्पर्धा नसते, केवळ सराव असतो. टाइम अटॅकमध्ये एकेकट्याने फेरीची वेळ नोंदवायची असते. सर्किट रेसमध्ये अनेक गाड्या एकाच वेळी धावतात. ऑटोक्रॉस, म्हणजे खुणा लावून आखलेल्या छोट्या वळणदार मार्गावर वेळेशी शर्यत, आपल्याकडे बहुधा मातीच्या किंवा मिश्र मैदानावर होते. यांखेरीज लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या तशा ड्रॅग शर्यती असतात, पण तेथे वळणेच नसल्यामुळे टायरचा प्रश्न अगदी वेगळा होतो आणि तो या लेखात घेतलेला नाही.

अधिकृत स्पर्धा एफएमएससीआय या देशातील मोटरस्पोर्टच्या शिखर संस्थेच्या परवानगीने होतात आणि त्यांत भाग घेण्यासाठी त्या संस्थेचे स्पर्धक लायसन्स लागते. प्रत्येक स्पर्धेची पूरक नियमावली प्रसिद्ध केली जाते. तिच्यातील टायरचे कलम पहिल्या वाचनातच अधोरेखित करावे. काही वर्गांत एकाच कंपनीचा एकच टायर सक्तीचा असतो. काही वर्गांत गाडीच्या मूळ मापाचाच टायर चालतो. काही ठिकाणी स्लिकला, म्हणजे नक्षी नसलेल्या शर्यतीच्या टायरला, मनाई असते, तर काही ठिकाणी एका स्पर्धेसाठी वापरता येणाऱ्या टायरच्या संख्येवरही मर्यादा असते. टायर आधी विकत घेऊन नंतर नियम वाचणे महागात पडते, कारण वापरलेला टायर कोणताही विक्रेता परत घेत नाही.

येथेच आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. तेव्हा नवे टायर 'पाहण्यासाठी' रात्री सी लिंकवर किंवा पाम बीच मार्गावर जाण्याचा विचारही मनात आणू नये. दुसरी गोष्ट विम्याची. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवर झालेले नुकसान आपल्याच खिशातून भरावे लागेल असे गृहीत धरूनच अंदाजपत्रक करावे.

दुसरी पायरी: टायरच्या बाजूवर लिहिलेले वाचायला शिका

समजा, टायरवर '१९५/५५ आर १५ ८५ व्ही' असे लिहिले आहे. १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल, आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास. ८५ हा भारांक एका टायरवर ५१५ किलोपर्यंत भार चालतो असे सांगतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे असते: 'टी' १९०, 'एच' २१० आणि 'व्ही' २४० किलोमीटर प्रतितास. ट्रॅकसाठी किमान 'एच' असावा आणि मिळत असेल तर 'व्ही' घ्यावा, मग आपली गाडी त्या वेगाच्या जवळपास जात नसली तरीही. वरच्या वेगश्रेणीचा टायर सततच्या उष्णतेला तोंड देण्यासाठी बांधलेला असतो आणि ट्रॅकवर खरा शत्रू वेगापेक्षा उष्णता हाच आहे.

त्यानंतर उत्पादनाची तारीख शोधावी. लंबवर्तुळात चार आकडे असतात. '१४२४' म्हणजे २०२४ सालचा चौदावा आठवडा. रबर न वापरताही कडक होत जाते, त्यामुळे ट्रॅकसाठी वर्षभराच्या आतील टायर मागावा आणि तीन वर्षांहून जुना टायर, कितीही स्वस्त मिळाला तरी, नाकारावा.

ट्रेडवेअरचा, म्हणजे टायरच्या झिजेचा, आकडा सर्वांत जास्त चर्चेत असतो आणि त्याचाच अर्थ सर्वांत जास्त चुकीचा लावला जातो. ही अमेरिकी पद्धत आहे. टेक्सासमधील ठरलेल्या रस्त्यांवर ७,२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर, गाड्यांच्या ताफ्यात टायर चालवून त्याची झीज एका प्रमाणभूत टायरशी ताडून पाहिली जाते. त्या टायरला १०० मानले तर ३०० चा टायर तत्त्वतः तिप्पट टिकायला हवा. हा आकडा मात्र उत्पादक स्वतःच ठरवून छापतो आणि तो झिजेविषयी आहे, पकडीविषयी नाही. कमी आकडा म्हणजे मऊ रबर आणि मऊ रबर म्हणजे जास्त पकड, हे साधारणपणे खरे असले, तरी एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे टायर ट्रॅकवर एकमेकांहून बरेच वेगळे निघू शकतात. अनेक देशांतील हौशी क्लब शर्यतींत '२०० किंवा अधिक' अशी अट असते, म्हणून बऱ्याच कंपन्या आपल्या सर्वांत चिकट रस्ता-टायरवर नेमका २०० छापतात.

तिसरी पायरी: टायरचा वर्ग निवडा

पहिला वर्ग गाडीबरोबर आलेल्या साध्या टायरचा. यांचे ट्रेडवेअर बहुधा ४०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. हे टायर मायलेज, शांतता आणि टिकाऊपणा यांसाठी घडवलेले असतात. त्यांच्या नक्षीचे ठोकळे उंच असतात, वळणात ते वाकतात, घर्षणाने तापतात आणि तीन-चार वेगवान फेऱ्यांनंतर गाडी पुढून घसरू लागते. आणखी रेटल्यास कडेच्या ठोकळ्यांतून रबराचे तुकडे सुटू लागतात. तरीही पहिल्या ट्रॅक डेसाठी हे टायर, सुस्थितीत असतील तर, मी आनंदाने सुचवेन. कमी वेगातच ते मर्यादा दाखवतात, घसरण्यापूर्वी मोठ्याने किंचाळतात आणि चालकाच्या चुका लपवत नाहीत.

दुसरा वर्ग उच्च क्षमतेच्या रस्ता-टायरचा. मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. यांचे रबर मऊ, बाजूची भिंत ताठ आणि बाहेरच्या कडेचे ठोकळे मोठे असतात, शिवाय पावसातही ते विश्वासाने चालतात. अडचण मापांची आहे, कारण या वर्गातील बरेचसे टायर १६ इंच आणि त्यापुढील रिमसाठी येतात, तर आपल्याकडील हौशी स्पर्धकांच्या लहान हॅचबॅक १४ किंवा १५ इंचांवर धावतात. १५ इंचांसाठी एमआरएफ, अपोलो, जेके, सिएट, योकोहामा, ब्रिजस्टोन यांच्या यादीतील अधिक ताठ आणि वरच्या वेगश्रेणीचे टायर पाहावे लागतात.

तिसरा वर्ग २०० च्या आसपासच्या ट्रेडवेअरचा: योकोहामाचा अ‍ॅडव्हान निओव्हा, हॅनकूकचा व्हेंटस आरएस४, ब्रिजस्टोनचा पोटेंझा आरई-७१आरएस अशी मालिका. हे रस्त्यावर चालवता येतात, पण घडवलेले असतात कोरड्या ट्रॅकसाठी. पकड लक्षणीय वाढते आणि उष्णता जास्त वेळ सहन होते. चौथ्या वर्गात सेमी-स्लिक, म्हणजे अगदी मोजकी नक्षी असलेले टायर, येतात, उदाहरणार्थ १०० ट्रेडवेअरचा टोयो आर८८८आर, आणि त्यापलीकडे नक्षीच नसलेले खरे स्लिक, जे सार्वजनिक रस्त्यावर चालवताच येत नाहीत.

नवख्याने चौथ्या वर्गापासून का दूर राहावे, याचे कारण टायरच्या वागण्यात आहे. स्टिअरिंग वळवल्यावर चाकाचे तोंड ज्या दिशेला असते आणि चाक प्रत्यक्षात ज्या दिशेला सरकत असते, त्यांत काही अंशांचा फरक पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढतो तशी पकड वाढत जाते, शिखर गाठते आणि मग कमी होते. रस्त्याच्या टायरमध्ये हे शिखर रुंद आणि उतार सौम्य असतो, त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी चालकाला सावरायला अवधी मिळतो. स्लिकमध्ये शिखर उंच पण अरुंद असते. असा टायर घसरण्यापूर्वी फारसा आवाज करत नाही, तापेपर्यंत धड पकडत नाही आणि सुटतो तेव्हा झटकन सुटतो, तेही जास्त वेगात. ज्याच्या हाताला अजून मर्यादेची ओळख झालेली नाही, त्याला हा टायर वेगवान बनवतो, पण शिकवत नाही.

शिवाय जादा पकडीचा भार गाडीच्या इतर भागांवर पडतो. लांब वळणात गाडी अधिक जोराने बाहेर ढकलली जाते तेव्हा मूळ संपमधील (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतील) तेल एका बाजूला सरकते आणि पंपाला क्षणभर तेल मिळेनासे होते, ज्यामुळे इंजिनच्या बेअरिंगचे नुकसान होऊ शकते. व्हील बेअरिंग लवकर आवाज करू लागतात. ब्रेक अधिक उशिरा आणि अधिक जोराने मारता येतात, म्हणून पॅड जास्त तापतात आणि ब्रेक ऑइल उकळीला येते. चांगले ब्रेक पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल घातल्याशिवाय तिसऱ्या वर्गातही जाऊ नये. टायरची किंमत काढताना हा मागाहून येणारा खर्च धरलाच पाहिजे.

मातीवरील ऑटोक्रॉससाठी मात्र वरीलपैकी एकही वर्ग फारसा उपयोगी नाही. तेथे मोठ्या ठोकळ्यांचे आणि जाड भिंतीचे रॅली टायर लागतात, आणि ते एमआरएफ व जेके या देशी कंपन्या बनवतात.

थोडक्यात, पहिल्या हंगामासाठी दुसरा वर्ग, आणि गाडीच्या मापात तो मिळत नसेल तर पहिल्या वर्गातील सर्वांत ताठ टायर, ही माझी शिफारस आहे.

चौथी पायरी: माप ठरवा

नवखे स्पर्धक येथे रुंदीच्या मोहात पडतात. गाडीच्या मूळ टायरचा एकूण व्यास आधी काढावा आणि नव्या टायरचा व्यास त्याच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावा. उदाहरणार्थ, १७५/६५ आर १४ चा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर येतो. १९५/५० आर १५ चा ५७६ येतो, म्हणजे फरक सव्वा टक्क्याचा, आणि तो चालण्यासारखा आहे. व्यास थोडा कमी झाल्याने गिअर किंचित आखूड होतात, जे लहान ट्रॅकवर फायद्याचेच ठरते, मात्र स्पीडोमीटर खऱ्याहून जास्त वेग दाखवू लागतो.

रिमची रुंदीही तितकीच महत्त्वाची आहे. १९५/५० आर १५ साठी साडेपाच ते सात इंच रुंदीचा रिम चालतो. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला तर त्याची भिंत आत ओढली जाते, वळणात टायर रिमवर डोलतो आणि रुंदीचा हेतूच फसतो. रिमचा ऑफसेट (चाक हबला टेकते ती बाजू रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर) मूळच्या जवळ ठेवावा. बसवल्यानंतर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून आणि गाडीत माणसे बसवून टायर फेंडरला किंवा सस्पेन्शनच्या स्ट्रटला घासत नाही ना, हे पाहावे.

पाचवी पायरी: खरेदी

जून २०२० पासून नव्या टायरची आयात केंद्र सरकारने 'निर्बंधित' सूचीत टाकली आहे आणि भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाडीच्या टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. परिणामी परदेशी संकेतस्थळांवर ज्यांची वाखाणणी वाचायला मिळते असे अनेक टायर येथे नियमितपणे मिळत नाहीत, आणि मिळाले तर मापे अपुरी असतात. म्हणून निवड करताना 'जगात सर्वोत्तम कोणता' हा प्रश्न बाजूला ठेवून 'मला याच मापात, याच वर्षीचे चार, आणि एखादा फाटला तर आठ दिवसांत पाचवा मिळेल का' हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो जवळच्या आठवड्यांतले असावेत.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारांत वापरलेले टायर स्वस्तात दिसतात. रस्त्यासाठीही मी ते सुचवणार नाही, ट्रॅकसाठी तर मुळीच नाही. रिमोल्ड केलेला (जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेला) किंवा गुळगुळीत झाल्यावर खाचा पुन्हा कोरलेला टायर वरून नवा दिसतो, पण आतील तारांचे थर थकलेले असतात आणि ट्रॅकच्या उष्णतेत ते कधी दगा देतील याचा भरवसा नसतो. कोणत्याही टायरच्या भिंतीवर फुगा, कापलेली खूण किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो तेथेच सोडावा.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. आपलाच रस्त्यावर वापरलेला आणि निम्मा घासलेला चांगला टायर कोरड्या ट्रॅकवर नव्याहून बरा चालतो. नव्या टायरच्या आठ मिलिमीटर उंच ठोकळ्यांपेक्षा चार मिलिमीटरचे ठोकळे कमी वाकतात आणि कमी तापतात. १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर खुणेपर्यंत टायर पोचेल तेव्हा ट्रॅकवरूनही तो निवृत्त करावा, कारण त्याच टायरवर मुंबईला परतायचे असते.

सहावी पायरी: बसवणे आणि रुळवणे

टायर बसवताना व्हॉल्व्ह नवे घ्यावेत आणि त्यांना धातूची टोपणे लावावीत. भिंतीवर 'आउटसाइड' असे लिहिलेले किंवा बाण असलेले टायर योग्य बाजूने बसल्याची स्वतः खात्री करावी, कारण गर्दीच्या दुकानात हीच चूक सर्वांत जास्त होते. रिमच्या आतल्या बाजूला चिकटवलेली वजने ब्रेकच्या उष्णतेने सुटून उडू शकतात. त्यांवर मजबूत टेप लावावी. चाकाचे नट टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे आवळावेत आणि ट्रॅकवर प्रत्येक सत्रानंतर पुन्हा तपासावेत.

अलाइनमेंटच्या वेळी कॅम्बरची, म्हणजे समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती कललेले आहे त्या कोनाची, मागणी स्पष्ट शब्दांत करावी. बहुतेक लहान गाड्यांत पुढचा कॅम्बर कारखान्याकडून जवळजवळ शून्य असतो. अशा गाडीत वळणाच्या वेळी टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि तो खांदा एका दिवसात झिजतो. खास कॅम्बर बोल्ट घालून दीड ते दोन अंश उणे कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) मिळाला तर टायरचे आयुष्य आणि पकड दोन्ही वाढतात. नियमावलीत त्यास परवानगी असेल तर एवढ्या कमी पैशांत याहून मोठा फायदा देणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

नवे टायर लगेच पूर्ण ताकदीने चालवू नयेत. साच्यातून निघतानाचा गुळगुळीत थर जाण्यासाठी रस्त्यावर शे-दोनशे किलोमीटर सौम्यपणे चालवावेत. पहिल्या सत्रात वेग हळूहळू वाढवत टायर एकदा नीट तापवावा आणि शक्य असेल तर पुढचा एक दिवस त्याला विश्रांती द्यावी. असा रुळवलेला टायर पुढे अधिक समान झिजतो.

सातवी पायरी: हवेचा दाब

टायरच्या निवडीइतकेच महत्त्व दाबाला आहे. मध्यम टायर योग्य दाबावर असेल तर चुकीच्या दाबावरील महाग टायरला सहज मागे टाकतो. स्वतःचा चांगला गेज घ्यावा आणि नेहमी तोच वापरावा. पेट्रोल पंपांवरील दोन यंत्रे क्वचितच एकसारखा आकडा दाखवतात.

दाब तापमानाबरोबर वाढतो. सकाळी ३० अंश सेल्सिअसला ३० पीएसआय भरलेला टायर ट्रॅकवर आतल्या हवेचे तापमान ७० अंशांवर गेले की सुमारे ३६ पीएसआय दाखवतो. म्हणून थंड दाबाला लक्ष्य मानू नये. लक्ष्य असते ते गरम दाबाचे. पुढच्या चाकांच्या ड्राइव्हच्या (फ्रंट-व्हील ड्राइव्ह) लहान हॅचबॅकसाठी रस्ता-टायरवर गरम असताना ३४ ते ३६ पीएसआय ही सुरुवात समजावी. सत्र संपवून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) येताच, टायर थंड होण्यापूर्वी, चारही दाब मोजावेत आणि जादा हवा काढून चारही लक्ष्यावर आणावेत. दुपारी ट्रॅक अधिक तापला की पुन्हा तेच करावे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे सूर्याकडचे टायर सावलीतल्यांहून दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात. त्यामुळे थंड दाब नेहमी सावलीत, पहाटे भरावा.

मुंबईच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते आणि ते टायरमध्ये शिरते. तापल्यावर या पाण्याची वाफ होते आणि दाब किती वाढेल याचा अंदाज चुकतो. अनेक दुकानांत मिळणारा नायट्रोजन येथे खरोखर उपयोगी आहे तो त्याच्या कोरडेपणामुळे. त्याने वेग वाढतो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

दाब बरोबर आहे का, हे टायरच सांगतो. सत्रापूर्वी कडेच्या खांद्यावर पांढऱ्या खडूने किंवा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने दोन-तीन ठिकाणी आडव्या रेषा ओढाव्यात. अनेक टायरच्या खांद्यावर एक लहान त्रिकोण असतो. रेषा त्या त्रिकोणापर्यंतच पुसली गेली असेल तर दाब ठीक आहे. त्याखालीही पुसली गेली असेल तर टायर भिंतीवर कोसळतो आहे, म्हणजे दाब कमी आहे किंवा कॅम्बर अपुरा आहे. टोचून मोजणारा तापमापक मिळाला तर पिटमध्ये येताच आतली, मधली आणि बाहेरची अशी तीन तापमाने घ्यावीत. मध्य सर्वांत गरम असेल तर दाब जास्त, दोन्ही कडा गरम असतील तर दाब कमी. आतली कड बाहेरच्या कडेहून थोडी गरम असणे योग्य आहे. बाहेरची कड सर्वांत गरम असेल तर कॅम्बर वाढवायला हवा.

घरी परतताना ही गोष्ट विसरू नये: गरम असताना ३४ वर आणलेला टायर थंड झाल्यावर २८ च्या आसपास उतरतो. सामानाने भरलेली गाडी अशा दाबावर शेकडो किलोमीटर महामार्गावर, आणि शेवटी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर चालवणे धोक्याचे आहे. निघण्यापूर्वी पुस्तिकेतील पूर्ण भाराचा दाब भरावा.

पाऊस

जून ते सप्टेंबर हा आपला पाऊस असतो, म्हणून मुंबईकर ऑक्टोबरनंतर कोरड्या ट्रॅकच्या हिशेबाने तयारी करतो. तमिळनाडूत मात्र ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच पडतो. चेन्नईला त्या महिन्यांत जायचे असेल तर खोल नक्षीचे टायर बरोबर असलेच पाहिजेत. घासलेला सेमी-स्लिक साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो आणि मग ना ब्रेक ऐकतो, ना स्टिअरिंग. ओल्या ट्रॅकवर नवा रस्ता-टायर त्याहून केव्हाही वेगवान असतो. पावसात टायर तापत नाही, म्हणून थंड दाब कोरड्या दिवसापेक्षा दोन-तीन पीएसआय वाढवून सुरुवात करावी.

टायर सांभाळणे

पुढच्या चाकांच्या ड्राइव्हच्या गाडीत पुढचे टायर मागच्यांहून कितीतरी वेगाने झिजतात, आणि घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर डावीकडचे आधी जातात. दिवसाच्या मध्यावर पुढचे-मागचे बदलणे ही सवय लावून घ्यावी. प्रत्येक सत्राच्या शेवटी एक फेरी हळू मारून टायर आणि ब्रेक थंड होऊ द्यावेत. प्रत्येक वेळी तापून थंड होताना रबर थोडे कडक होत जाते, त्यामुळे नक्षी शिल्लक असूनही फेरीची वेळ घसरू लागली तर चालकाने स्वतःला दोष देण्यापूर्वी टायरने किती सत्रे पाहिली आहेत, ते वहीत पाहावे.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये दुसरा संच ठेवण्याची जागा हाही खरा प्रश्न आहे. गॅलरीत ऊन लागते. सोसायटीचा पंप किंवा लिफ्टची मोटर असलेल्या खोलीत जागा मोकळी दिसते, पण विजेच्या मोटरभोवती तयार होणारा ओझोन रबराला भेगा पाडतो. टायर धुऊन, पूर्ण कोरडे करून, काळ्या जाड पिशवीत हवाबंद करावेत आणि पलंगाखाली किंवा अंधाऱ्या माळ्यावर ठेवावेत. चकाकी आणणारे ड्रेसिंग लावू नये.

पुढच्या वर्गात कधी जावे

सलग पाच-सहा फेऱ्यांच्या वेळा एकमेकींपासून अर्ध्या सेकंदाच्या आत येऊ लागल्या, खडूच्या खुणा आणि दाब आपल्या हाती आले आणि ब्रेक दिवसभर टिकू लागले, की २०० ट्रेडवेअरच्या टायरचा विचार करावा. पहिल्या दिवशी दोन्ही संच न्यावेत. सकाळी जुन्या टायरवर नेहमीची वेळ नोंदवावी, मग नवे चढवून पहिली दोन सत्रे जुन्याच ब्रेकिंगच्या खुणांवर चालवावीत आणि तेलाच्या दाबाच्या दिव्यावर लांब वळणांत लक्ष ठेवावे. तो एकदा जरी लुकलुकला तरी जुने टायर परत चढवून संपमध्ये बॅफल (तेल एका बाजूला सरकू न देणारा पडदा) बसवल्यानंतरच नव्या टायरकडे वळावे.